भारी काळ्या ऊस-रानाला सबसॉयलर मारावा का? (कृष्णाकाठ, ता. वाळवा)

कृष्णाकाठचा | ११ एप्रिल, रात्री ९:४०

राम राम मंडळी.

वाळवा तालुक्यात नदीकाठाला आमचं अडीच एकर भारी काळं रान आहे. २०१२ पासून त्यात ऊसच. लागण, खोडवा (तुटलेल्या बुडख्यातून परत फुटलेला ऊस), कधी दुसरा खोडवा, मधी एकदा सोयाबीन, परत लागण. सुरवातीला एकरी ६० टन सहज पडायचं. मागच्या लागणीला ४४ वर आलो आणि आत्ता तुटलेला खोडवा ३१. खत कमी केलं नाही, उलट वाढवलं. बेणं बदललं. फरक शून्य.

दोन गोष्टी डोळ्यांना दिसतात. पूर्वी मोठा पाऊस झाला तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सरीतलं पाणी मुरायचं, आता आठ-आठ दिवस उभं राहतं आणि रान चिबडतं. आणि परवा बुडखे काढताना बघितलं, मुळांचा सगळा जुडगा वरच्या वीतभर मातीत. खाली मूळच नाही.

शेजारच्या गल्लीत एकानं सबसॉयलर (जमिनीखालचा घट्ट थर फोडायचं अवजार) आणलाय. एका पायाचा, ५० एचपीच्या ट्रॅक्टरमागं. दीड फूट खोल, चार-चार फुटांवर एक चिरा, नुसतं उभं, आडवं नाही, एकरी ३००० म्हणतोय. पुढच्या आठवड्यात मोकळा आहे, त्यानंतर जूनपर्यंत तारीख नाही म्हणे. आमचे वडील म्हणतात पलटी (माती उलटवणारा नांगर) मार आणि गप बस. जुलैत आडसाली (दीड वर्षाच्या उसाची) लागण करायची आहे.

मारू का? की नुसता फॅशनचा खर्च आहे?

घाटमाथा | ११ एप्रिल, रात्री १०:०५

डोळे झाकून मारा. आम्ही तीन वर्षांपूर्वी मारला, खोडव्याला फुटवा बघत राहावं असा आला.

काळीआई | ११ एप्रिल, रात्री १०:३१

मी उलट बोलणार, राग मानू नका. काळ्या रानाला सबसॉयलर कशाला लागतो? मे महिन्यात भेगा बघा. हात कोपरापर्यंत जातो, पहार टाकली तर वर काढायला अर्धा तास. वरची माती त्या भेगांत पडते, पाऊस आला की फुगते, खालचं वर आणि वरचं खाली होत राहतं. काळी जमीन स्वतःच स्वतःला नांगरते असं जुने लोक म्हणायचे ते उगाच नाही. ट्रॅक्टरवाल्यांचे हप्ते फेडायला नवीन नवीन अवजारं निघतात.

घाटमाथा | ११ एप्रिल, रात्री १०:३८

@काळीआई लोखंडी नांगर आला तेव्हाही लोक म्हणत होते लोखंडानं रान विषारी होईल. किर्लोस्करांना सुरवातीला गिऱ्हाईक मिळत नव्हतं. आज कुठल्या वस्तीवर लाकडी नांगर दिसतो सांगा.

लोहारकाम | १२ एप्रिल, सकाळी ६:५०

अवजारं बनवायचं आणि दुरुस्तीचं माझं शेड आहे, त्यामुळे माझा धंदाच सबसॉयलर विकायचा. तरी सांगतो, पुढच्या आठवड्यात मारू नका. निदान आधी खड्डा काढल्याशिवाय तरी नाही.

खड्डा म्हणजे हातभर रुंद, दोन फूट खोल. रानाच्या मध्यावर एक आणि ट्रॉल्या जिथं वळतात तिथं एक. टिकावानं एक बाजू सरळ कापून घ्या, मग चाकूच्या टोकानं वरून खाली हळूहळू उकरत या. भुसभुशीत कुठपर्यंत, कुठं चाकू अडतो, कुठं परत सुटतो ते टेपनं मोजा. मुळं बघा. खाली जाणारं मूळ एका ठरावीक खोलीला येऊन काटकोनात वळलं असेल तर थर तिथंच आहे. नुसती सळई खुपसून बघण्याला अर्थ नाही, कोरडी काळी माती सळईला कुठंही घट्टच लागते.

हे मोजायचं कारण ऐका. घट्ट थर एकाच जातीचा नसतो. रोटावेटर (फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारा) चार-पाच इंच चालतो, त्याची पाती खालचा तळ रोज पुसून गुळगुळीत करतात, गवंडी गिलाव्यावर थापी मारतो तसा. तुमचा थर तिथं असेल तर सबसॉयलरची गरजच नाही, साधा चिजल नांगर (माती न उलटवता चिरणारा) बास. पलटी ९ ते १२ इंच जाते आणि ट्रॅक्टरचं एक चाक नांगराच्या तासाच्या (चराच्या) तळातून चालतं, म्हणजे दर वर्षी त्याच खोलीवर इस्त्री. तो थर फोडायला सबसॉयलर लागतो. आणि तिसरा, उसाच्या भरलेल्या ट्रॉल्यांचा. तो सगळ्यात खोल आणि सगळ्यात चिवट.

आता तुमच्या माणसाच्या हिशोबाकडे. दीड फुटावर तीन इंची फाळ चालला की माती फाळापासून वर तिरकी फुटत जाते, साधारण ४५ अंशांत. वर बघितलं तर तीन फूट रुंद माती उचललेली दिसते आणि माणूस खूश होतो. पण थर आहे खाली! समजा थराचा तळ १४ इंचांवर आहे आणि फाळ १८ वर. मधलं अंतर ४ इंच. म्हणजे त्या पातळीला फुटलेली पट्टी दोन्हीकडचे चार-चार इंच अधिक फाळाचे तीन, एकूण ११ इंच. चिरे चार फुटांवर, म्हणजे ४८ इंचांतले ११ फुटले, ३७ तसेच. वरून सगळं रान फुगलेलं दिसतंय आणि मुळाला खाली पाऊण भिंत तशीच उभी.

म्हणून पायांमधलं अंतर खोलीच्या एक ते दीडपट ठेवायचं, दीड फूट खोलीला दीड ते सव्वादोन फूट. फाळाला दोन्ही बाजूंनी पंख जोडले तर पंखांची रुंदी त्या ११ इंचांत मिळते, मग अंतर थोडं वाढवता येतं. पंखांना ओढ जास्त लागते, पण फुटलेल्या मातीच्या मानानं ती परवडते. इंग्लंडमध्ये गॉडविन आणि स्पूर या दोघांनी १९७० च्या दशकात हे मोजून दाखवलंय.

एकरात चार फुटांवर चिरे म्हणजे साधारण ३.३ किलोमीटर चाल, दोन फुटांवर ६.६. ३००० मध्ये तुमचा माणूस चार फुटांवर का मारतो ते यात आलं.

लोहारकाम | १२ एप्रिल, सकाळी ७:१०

मुख्य गोष्ट राहिलीच. ओल.

सबसॉयलरचं काम माती कापायचं नाही, फोडायचं. फुटायला माती ठिसूळ लागते. खाली ओल असेल तर फाळ खरवसात सुरी फिरावी तसा जातो. माती बाजूला दाबली जाते, चिऱ्याच्या भिंती लिंपल्या जातात आणि मागं एक बीळ राहतं. पैसे देऊन नवीन थर तयार. कोरड्या मातीतही प्रत्येक फाळाला एक हद्द असते, ढोबळमानानं फाळाच्या रुंदीच्या पाच-सहापट. तीन इंची फाळाला १५ ते १८ इंच. त्याखाली गेलं की माती वर उचलण्याऐवजी आजूबाजूला दबते, आणि ओल असली की ही हद्द आणखी वर येते. म्हणून 'माझा अडीच फूट जातो' असं सांगणाऱ्यापासून लांब राहा.

परीक्षा घरची आहे. फाळ जिथं चालणार त्या खोलीवरची मूठभर माती घ्या, वरची नको. तळहातावर समईची वात वळतात तशी वळा. पेन्सिलीपेक्षा बारीक वात वळली आणि तुटली नाही तर घरी जा, चहा प्या. वळताना चुरा झाला तर ट्रॅक्टर बोलवा.

सुमन_परभणी | १२ एप्रिल, दुपारी २:१५

लोहारकाम दादांनी सांगितलं ते मी भोगलंय.

आमच्याकडं सोयाबीन-हरभरा. पाच वर्षांपूर्वी ऑक्टोबरात सोयाबीन निघालं, हरभऱ्याच्या आधी घाई-घाईनं सबसॉयलर मारला. ट्रॅक्टर कसा मस्त चालत होता, आवाज नाही, घसरण नाही. आम्हाला वाटलं केवढं सोपं काम. आता कळतं की ट्रॅक्टर सोपा चालतो तेव्हाच समजायचं की काही फुटत नाहीये. हरभरा आला, पण चिऱ्याच्या रेषेवर झाडं पिवळी, मर लागली. त्या बिळांत पाणी साचलं होतं. उपटून बघितलं तर मूळ चिऱ्याच्या भिंतीला चिकटून खाली गेलेलं, एका बाजूनं चपटं. शाळेच्या वहीत दाबून ठेवलेल्या फुलासारखं.

पुढच्या वर्षी मे मध्ये मारला. तेव्हा ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उचलत होतं, पुढं वजन दिलं. ढेकळं निघाली ही एवढी, घमेल्याएवढी. सासरे म्हणाले ह्यात आता काय पेरणार. पण दोन वळवाचे पाऊस झाले आणि ढेकळं आपोआप विरघळली. त्या वर्षीचं सोयाबीन चांगलं उतरलं, आणि रुंद वरंबा-सरीवर पेरल्यामुळं पाणी पण साठलं नाही. यातलं किती सबसॉयलरचं आणि किती वरंब्याचं ते मला सांगता येणार नाही.

काळीआई | १२ एप्रिल, सायंकाळी ५:०२

सुमनताई, म्हणजे मे मध्ये रान आपलं आपण भेगाळलं असतं तेच तुम्ही पैसे देऊन केलं.

टुवूंबाकर | १२ एप्रिल, रात्री ११:२०

मी मूळचा बार्शीचा. १४ वर्षं ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये आहे, डार्लिंग डाउन्स भागात शेतीच्या यंत्रांचं काम करतो. इथली माती बघून पहिल्या दिवशी घरी फोन केला होता की अगं आपलीच काळी माती आहे. तसंच फुगणं, तसंच भेगाळणं, तसंच बुटाला चिकटणं.

काळीआईंचं निम्मं बरोबर आहे. इथं घट्ट झालेली काळी माती सुधारायला पहिला उपाय अवजार नसतोच, पीक असतं. खोल मुळाचं पीक घ्यायचं, त्याला खालची ओल पूर्ण शोषू द्यायची, माती आक्रसते, भेगा पडतात, मग पाऊस, परत फुगणं. असं दोन-तीन वेळा झालं की घट्ट थराचे आपोआप तुकडे पडतात. आपल्याकडं तूर हेच काम करते. तुरीनंतरचं रान हलकं लागतं हे बार्शीत कुणालाही विचारा.

पण निम्मं चूक असं की ही युक्ती कोरडवाहू रानाची. कृष्णाकाठच्या दादांच्या रानाला २०१२ पासून बाराही महिने पाणी आहे. ते रान खालपर्यंत वाळलंच कधी? ज्या मातीला भेग पडू दिली नाही तिनं स्वतःला नांगरायचं कसं? ठिबकवर तर बुडाशी ओल कायम. आपण पाणी देऊन देऊन त्या मातीची स्वतःची खोड मोडलीय.

दुसरं, इथं सगळी यंत्रं एकाच चाकोरीतून चालवतात. ट्रॅक्टर, पेरणी यंत्र, कापणी यंत्र, सगळ्यांच्या चाकांतलं अंतर ३ मीटर. चाकोरी दगडासारखी घट्ट, मधला पट्टा कायम मोकळा, त्यावर चाक कधीच जात नाही. आपल्याकडं अडीच एकरात हे जसंच्या तसं होणार नाही, पण पाच फुटी सरी घेतली तर चाक सरीत आणि ऊस वरंब्यावर एवढं तरी जमतं. नाहीतर सबसॉयलर मे मध्ये आणि भरलेली ट्रॉली फेब्रुवारीत ओल्या रानातून. फोडलेलं रान दाबायला एकच फेरी पुरते, आणि मोकळी माती घट्ट मातीपेक्षा जास्त दबते हे लक्षात घ्या.

लोहारकाम | १३ एप्रिल, सकाळी ६:४५

टुवूंबाकर, शेवटच्या वाक्याला माझा नमस्कार. गिऱ्हाईक दोन वर्षांनी परत येतं आणि म्हणतं तुझ्या सबसॉयलरचा गुण गेला. गुण ट्रॉलीनं नेलेला असतो.

एक भर घालतो. लोक म्हणतात रुंद टायर टाकला की रान दबत नाही. वरच्या वीतभरात खरं आहे, कारण तिथं टायरखालचा दाब मोजला जातो. पण फूट-दीड फुटाखाली टायर रुंद की अरुंद याला फारसं महत्त्व राहत नाही, तिथं अॅक्सलवरचं एकूण वजन मोजलं जातं. युरोपात थंड मुलखात जमीन दर हिवाळ्यात गोठते, तरी १० टनी अॅक्सलनं दीड फुटाखाली दबलेली माती वर्षानुवर्षं सुटली नाही, असे तिथले प्रयोग आहेत. आपल्या ऊस तोडणीच्या यंत्राचं वजन १० टनांच्या पुढं आणि फडात ट्रॉली शिगोशीग. तोडणीआधी रान वाळवायला पाणी किती दिवस बंद ठेवायचं हे कारखान्याच्या तोडणी तारखेवर. आणि ती तारीख कुणाच्या हातात असते ते मी लिहीत नाही.

शिरोळकर | १३ एप्रिल, सकाळी ११:१८

सगळे ताकदीनं फोडायच्या गोष्टी करताय, माती तपासली का कुणी? आमच्याकडं शिरोळ भागात पाण्याचा आणि खताचा मारा होऊन रानंच्या रानं क्षारपड, चोपण झाली. चोपण रान बोटानं बघा, ओलं असताना साबणासारखं आणि वाळल्यावर विटेसारखं. तिथली घट्टपणाची भानगड चाकाची नाही, सोडियमची. सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि मातीच्या कणांना चिकटलेला (विनिमयक्षम) सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेला की मातीचे कण एकमेकांना धरत नाहीत, पाणी लागलं की रबडी. तिथं तुम्ही सबसॉयलर मारा नाहीतर जेसीबी लावा, पहिल्या पाण्याला चिरा बुजतो. आधी निचरा, मग तपासणीप्रमाणं जिप्सम, शेणखत, धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक). चुन्याचं प्रमाण बघून काय घालायचं ते ठरतं, शेजाऱ्यानं टाकलं म्हणून टाकू नका.

मोल नांगराचं नाव ऐकलं असेल. दिसायला सबसॉयलरचा सख्खा भाऊ, पण खाली फाळाऐवजी तोफगोळ्यासारखी लांबट गोळी. दोन फूट खोल ओढली की मागं मातीतच गोल बोगदा राहतो, तीच निचऱ्याची नळी. गंमत अशी की त्याला खाली ओलच लागते! लोहारकाम दादा ज्याला पैसे वाया म्हणतात, माती लिंपून बीळ होणं, तेच मोल नांगराला पाहिजे. पण बोगद्याचं तोंड उतरावरच्या चरात उघडं पाहिजे. सुमनताईंच्या हरभऱ्यात तेच झालं असणार, मोल झाला पण तोंड नाही.

सुमन_परभणी | १३ एप्रिल, दुपारी १:४०

अगदी! पाच वर्षांनी आज कळलं मी काय केलं ते.

कृष्णाकाठचा | १४ एप्रिल, सायंकाळी ७:३०

सगळ्यांचे आभार. आज सुट्टी होती, तीन खड्डे काढले. मी, चुलतभाऊ आणि बांधावर बसून सल्ले द्यायला वडील.

खड्डा १, रानाच्या मध्यावर. वरचे ५ इंच रोटावेटरची भुसभुशीत माती, पोत्यात भरावी अशी. ५ ते ९ बरी. ९ इंचांवर चाकू अडला. ९ ते १४ इंच माती आडव्या पापुद्र्यांची निघते, भाकरीच्या चवडीसारखी एकावर एक. एक पापुद्रा उचलला तर खालचा अख्खा सुटा दिसतो. मुळं ९ इंचांवर येऊन आडवी झालीत, काही तर पापुद्र्यांच्या मधनं चपटी होऊन सरकलीत, सुमनताई म्हणाल्या तशीच. १४ च्या खाली अचानक मऊ, काळीभोर, बारीक दाणेदार माती आणि गांडुळाचं एक जुनं बीळ. वडील खड्ड्यात उतरले, तो खालचा गोळा हातात घेतला आणि म्हणाले, "ही आपली जुनी माती हाय." मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

खड्डा २, जिथं ट्रॉल्या भरतात. ६ इंचांपासून २० इंचांपर्यंत एकजात फरशी. टिकावाचा दांडा मोडला.

खड्डा ३, विहिरीकडच्या कोपऱ्यात, तिथं चाक फारसं जात नाही. थर जवळजवळ नाहीच.

वात वळून बघितली. १६ इंचांवरच्या मातीची वीतभर लांब वात झाली, उदबत्तीएवढी जाड. फेब्रुवारीत तोडणीच्या आधी पाणी दिलं होतं, ती ओल अजून आहे. म्हणजे पुढच्या आठवड्यातला माणूस रद्द. माती तपासणीचा कागदही जुना होता तो शोधला, सामू ७.९. शिरोळकर, त्यामुळे चोपणाचं भय सध्या नाही, तरी नवीन नमुना दिलाय.

शिरोळकर | १४ एप्रिल, रात्री ८:०२

नमुना दोन खोल्यांवरचा वेगवेगळा द्या. वरच्याचा सामू चांगला आणि दोन फुटांवर गोंधळ असं पुष्कळदा असतं.

काळीआई | १४ एप्रिल, रात्री ८:४५

पापुद्रे वाचून मी एक पाऊल मागं घेते. भेगाळणाऱ्या मातीला असे आडवे पापुद्रे राहत नाहीत, उभ्या भेगा त्यांना तोडतात. तुमचं रान खरंच वाळलेलं नाही.

पण मग एक हंगाम उसाला सुट्टी देऊन तूर का घेत नाही?

कृष्णाकाठचा | १४ एप्रिल, रात्री ९:१०

@काळीआई घरात हा शब्द काढला. उत्तर इथं लिहिण्यासारखं नाही. 😄 सोसायटीचं कर्ज उसावर आहे.

लोहारकाम | १५ एप्रिल, सकाळी ६:३०

खड्डे एक नंबर. आता माझं मत. थराचा तळ १४, म्हणून फाळ १७ वर चालवा, त्यापेक्षा खोल नको. ती खालची जुनी माती चांगली आहे, तिला हात लावायचा नाही. अंतर दोन फूट. शक्य असेल तर पंखवाला फाळ. ट्रॉलीच्या जागेवर एका दमात २० इंच जाणार नाही. आधी १० इंच चिजल, मग त्याच रेषेत सबसॉयलर.

ट्रॅक्टरवाल्याला चार गोष्टी सांगा. फाळाचं टोक झिजून बोथट झालं असेल तर आधी बदल, बोथट फाळ वर उचलत नाही, खाली दाबतो. चाल ताशी ३-४ किलोमीटर, त्यापेक्षा पळवायचं नाही. वळताना पाय जमिनीतून पूर्ण वर, नाहीतर पाय पिळतो, माझ्याकडं महिन्याला असे दोन येतात. आणि पायाला धरणारा कमी ताकदीचा बोल्ट मोडला तर त्या जागी जाड, पक्का बोल्ट ठोकू नको. तो मोडायसाठीच असतो, तो मोडला नाही तर पाय नाहीतर सांगाडा मोडतो.

चालू असताना खाली उतरून चिऱ्यात पहार घाला. खाली माती भगराळ लागली, चिऱ्याच्या दोन्ही बाजूंना जमीन फुगून वर आली तर चालू दे. नुसती रेघ दिसली तर थांबवा.

महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर) सबसॉयलरला अनुदान आहे, अल्पभूधारकाला आणि महिलेला ५० टक्क्यांपर्यंत. पण अडीच एकरासाठी घेऊ नका, चार-पाच जणांत एक घ्या किंवा भाड्यानं मारा. चार वर्षांतून एकदाचं काम आहे.

घाटमाथा | १५ एप्रिल, सकाळी ९:२२

आता खरं सांगतो, मी खड्डाबिड्डा काही काढला नव्हता. त्या वर्षी खोडव्याला पाचट पण ठेवलं होतं पहिल्यांदाच. फुटवा कशामुळं आला देव जाणे.

टुवूंबाकर | १५ एप्रिल, दुपारी ४:५०

एक विनंती. रानाच्या मधोमध वीस फुटांची एक पट्टी न मारता सोडा, दोन्ही टोकांना खुंटी ठोकून. नाहीतर दोन वर्षांनी तुम्हीही घाटमाथांसारखंच देव जाणे म्हणाल. 🙂

कृष्णाकाठचा | ३१ मे, रात्री ९:१५

काम झालं. दीड महिना रानाला थेंब पाणी दिलं नाही. शेजारी विचारायचे रान पडीक टाकलं का. २० मे ला परत वात वळली, चुरा झाला. पाच किलोमीटरवरचा एक पंखवाला सबसॉयलर मिळाला, ५५ एचपीचा ट्रॅक्टर, एकरी ५५०० ठरले.

पहिल्याच फेरीला कळलं की सुमनताईंचं खरं आहे. ट्रॅक्टर कण्हत होता. चाकं घसरायला लागली म्हणून पुढं वजनं लावली. जमीन चिऱ्याच्या दोन्ही बाजूंनी चार बोटं वर उचलत होती, आणि खालून कडकड आवाज येत होता, सुकं लाकूड मोडावं तसा. दोन बोल्ट मोडले. ड्रायव्हर दुसऱ्यांदा जाड बोल्ट काढायला लागला, त्याला धागा वाचून दाखवला.

दुपारी तीन वाजता आवाज बदलला. ठप्प, आणि मग चिऱ्यातून कारंजं. चुलत्यांची पाइपलाइन! अडीच फुटांवर पुरलीय असं ते दहा वर्षं सांगत होते. सव्वा फुटावर निघाली. मोटर तेव्हा नेमकी चालू होती. चार तासांत तेवढ्या कोपऱ्यात चिखल झाला, ती दहा गुंठे जागा सोडून द्यावी लागली. पाइप, जॉइंट, मजुरी धरून २४०० रुपये आणि चुलत्यांचं बोलणं वेगळं. कुणाला मारायचा असेल तर आधी पाइपलाइन कुठं आणि किती खोल ते पहारीनं टोचून बघा, तोंडी विश्वास ठेवू नका.

मधली पट्टी सोडलीय. खुंट्या ठोकल्यात.

लोहारकाम | १ जून, सकाळी ६:४०

पाइपलाइनचं मी सांगायला हवं होतं. माझी चूक. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या गिऱ्हाइकांची हीच गोष्ट असते.

आता पलटी मारू नका, रोटावेटर तर नकोच. ताग किंवा धैंचा टाका, लागणीआधी दीड महिना मिळतोय. पहिलं पाणी भरपूर सोडून रान भिजवू नका, मोकळी माती एकदम बसते. हळू द्या.

कृष्णाकाठचा | २३ जून, सायंकाळी ६:५५

ताग गुडघ्याला आलाय. शुक्रवारी रात्री पहिला जोराचा पाऊस झाला, सकाळी सात वाजता छत्री घेऊन रानात गेलो तर वडील आधीच तिथं.

मारलेल्या भागात पाणी नाही, पाय घोट्यापर्यंत जातो. सोडलेल्या पट्टीत पाणी उभं, आरशासारखं, खुंटीपासून खुंटीपर्यंत सरळ रेषेत. फोटो काढलाय. पण सगळंच गोड नाही. ट्रॉलीच्या जागेवर चिजल आणि सबसॉयलर दोन्ही मारूनही पाणी साचलंय, पट्टीपेक्षा थोडं कमी एवढंच. आणि चुलत्यांच्या पाइपनं भिजवलेली दहा गुंठे अर्थात तशीच.

लागण पाच फुटी सरीनं करणार. तोडणीच्या वेळी ट्रॉली फडात न घेता बांधावर उभी करायचं बोलून ठेवलंय, मुकादम हसला. डोक्यावरून मोळ्या वाहायचे वेगळे पैसे मागतोय, ते बघू.

काळीआई | २३ जून, रात्री ८:३०

आणि वडील? अजून पलटी म्हणतात का?

कृष्णाकाठचा | २३ जून, रात्री ८:४८

मधला खड्डा बुजवू देत नाहीत. पावसानं कडा ढासळल्या तरी फावड्यानं परत सरळ करतात. गावातलं कुणी बांधावरून चाललं की हाक मारून नेतात आणि पापुद्रे दाखवतात. पलटीचा विषय काढला की तंबाखू मळायला लागतात.